फिरत्या घराचे वैरणपाणी

प्रवासास निघालेल्या मनुष्यास असे वाटत असते की, कोठे थांबावयाचे हे आपण ठरवितो. वस्तुतः ते ठरविणारा दुसराच कोणी असतो. पायी चालणाऱ्याचा मुक्काम त्याचे पाय ठरवितात, गाडीवानाचा मुक्काम बैलांचे पोट ठरविते, आणि मोटारीतून जाणाऱ्याचा मुक्काम तिच्या टाकीतील तेल ठरविते. फरक इतकाच की, पाय दुखू लागले म्हणजे ते बोलतात, बैल थकला म्हणजे मान टाकतो. टाकी मात्र शेवटच्या थेंबापर्यंत मुकाट्याने साथ देते आणि मग भर माळावर एकाएकी सोडून जाते. म्हणून तिच्या वतीने आधीच विचार करण्याचे काम मनुष्यावर येऊन पडते. २०२३ सालच्या नाताळच्या सुट्टीत आम्ही एका फिरत्या घरातून सात दिवसांचा प्रवास केला. त्यात लेणी पाहिली, किल्ला पाहिला, सरोवरही पाहिले. पण त्या सर्वांची वर्णने पुष्कळांनी केली आहेत. पेट्रोल पंपांचे वर्णन मात्र कोणी केल्याचे आमच्या वाचनात नाही. ती उणीव भरून काढण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

फिरते घर म्हणजे काय, हे प्रथम सांगणे अवश्य आहे. इंग्रजीत ज्यास मोटरहोम अथवा कॅरॅव्हॅन म्हणतात, ते हे वाहन. आत निजावयास फळ्या, एक चूल, पाण्याची टाकी, लहानसे शीतकपाट आणि चार माणसांना बसता येईल असे मेज. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा वाहनांच्या पर्यटनासाठी धोरणही आखले. तथापि आमच्या हिंगोली जिल्ह्यात अद्याप ते नवलाईचेच आहे, आणि आमची गाडी कोठे उभी राहिली की पाच मिनिटांत तिच्याभोवती मुलांचा घोळका जमत असे. गाडी आमच्या मामांच्या एका मित्राची. ती मिळविण्यास कारण आमची आजी. तिच्या गुडघ्यांस असा विकार जडला आहे की, एस. टी. च्या पायऱ्या चढणे तीस अशक्य, आणि दोन तासांपेक्षा अधिक वेळ पाय लोंबते ठेवून बसणेही अशक्य. वेरूळ-अजिंठा एकदा डोळ्यांनी पाहावे ही तिची फार दिवसांची इच्छा. मामा म्हणाले, "आई, तू निजून चल, लेणी आली की उठवितो." अशा रीतीने मामा, आई, वडील, आजी आणि आम्ही दोघे भावंडे मिळून सहा जणांचा हा संसार चाकांवर चढला.

चाकांवरचा संसार ही कल्पना काही परदेशातून आलेली नाही. आमच्या भागात कळमनुरी, सेनगाव, औंढा या बाजूस लमाणांचे तांडे ठिकठिकाणी वसलेले दिसतात. त्यांचे पूर्वज हजारो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरत असत. त्यांचे घरदार, लेकरेबाळे, चूलबोळकी सर्व त्यांच्याबरोबरच असे. त्यांचा तळ जेथे गवत आणि पाणी असेल तेथे पडे. सावली चांगली आहे, देखावा रम्य आहे, एवढ्यावरून तांडा उतरत नसे. आजीच्या माहेरीही पूर्वी बैलगाडीनेच येणेजाणे होई. निघण्याच्या आदल्या रात्री मामा नकाशा पसरून बसले असता तिने आपल्या बोलीत एक वाक्य सांगितले: "बैल दमल्यावर पाणी हुडकायचं नसतं रे, पाणी दिसलं की बैल सोडायचा." त्या वेळी आम्ही हसलो. पण वडिलांनी ते वाक्य गंभीरपणे घेतले आणि त्याचे मोटारीच्या भाषेत रूपांतर केले, ते असे: टाकी अर्धी झाली की, पहिला चांगला पंप दिसताच थांबावयाचे.

अर्धीच का, पाव का नाही, असा प्रश्न वाचकांस पडेल. त्याचे उत्तर गणितात आहे. आमच्या गाडीची टाकी ७० लिटरांची. पाणी, भांडी, अंथरुणे आणि सहा माणसे एवढा बोजा घेऊन ती एका लिटरात सुमारे ८ किलोमीटर चाले. म्हणजे भरलेल्या टाकीत ५६० किलोमीटर, आणि अर्ध्या टाकीत २८०. टाकी पाव उरेपर्यंत थांबलो असतो तर हाती १४० किलोमीटर उरले असते. एवढ्यात कोठे तरी पंप मिळेलच, हे खरे. पण कोणता मिळेल हे आपल्या हाती राहत नाही. टाकी अर्धी असताना मनुष्य पंप निवडतो. ती तळास गेली म्हणजे जो मिळेल तो पत्करतो. निवड करण्यास अवकाश लागतो आणि तो अवकाश म्हणजेच ती उरलेली अर्धी टाकी होय. प्रत्येक मुक्कामी किती किलोमीटर झाले आणि किती तेल उरले असावे हे वहीत टिपून ठेवण्याचे काम आमच्याकडे सोपविले होते. काटा खोटे बोलू शकतो, वही सहसा बोलत नाही, असे वडिलांचे मत होते.

या बाबतीत जगातील पहिल्या लांब पल्ल्याच्या मोटारप्रवासाची गोष्ट मोठी मनोरंजक आहे. १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील बर्था बेंझ या बाई आपल्या दोन मुलांना घेऊन, पतीने बनविलेल्या मोटारीतून मानहाइम येथून आपल्या माहेरी, फोर्त्सहाइम येथे निघाल्या. सुमारे शंभर किलोमीटरांची वाट. त्या वेळी पेट्रोल पंप ही वस्तू जगात नव्हती. तेल संपत आले तेव्हा व्हीस्लोख या गावी त्यांनी औषधांच्या दुकानात जाऊन लिग्रोइन नावाचा द्रव विकत घेतला. कपड्यांवरील डाग काढण्यासाठी लोक तो वापरीत. ते औषधाचे दुकान जगातील पहिला पेट्रोल पंप म्हणून आज प्रसिद्ध आहे. तेल कोठे मिळू शकेल याची जाण त्या बाईंस होती, म्हणूनच तो प्रवास तडीस गेला. आपल्या देशातही दुसऱ्या महायुद्धाच्या काळी पेट्रोलवर नियंत्रण आले, तेव्हा कोळशाच्या वायूवर मोटारी चालविण्याची वेळ आली होती. तेल हे नळाच्या पाण्यासारखे नेहमी येणारच, हा समज त्यामानाने अगदी अलीकडचा आहे.

२७ डिसेंबर रोजी सकाळी हिंगोलीत टाकी काठोकाठ न भरता, थोडी जागा ठेवून भरली, कारण उन्हाने तेल फुगते. आणि औंढा, जिंतूर, मंठा, जालना या मार्गाने छत्रपती संभाजीनगरास निघालो. ही वाट सुमारे सव्वादोनशे किलोमीटरांची. वाटेत पंप पुष्कळ लागतात. पण फिरत्या घरास प्रत्येक पंप मानवतोच असे नाही, हे आम्हांस पहिल्याच दिवशी उमगले.

पहिली गोष्ट उंचीची. आमच्या गाडीच्या माथ्यावर सामानाची पेटी होती. लहान पंपांवरील छप्पर ठेंगणे असते. तेव्हा आत शिरण्यापूर्वी मामा गाडी रस्त्याकडेला उभी करीत आणि वडील खाली उतरून छपराची उंची व वळावयास जागा पाहून येत. ज्या पंपावर मालट्रक तेल घेतात तेथे हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. दुसरी गोष्ट चुलीची. घर फिरते असल्याने त्यात गॅसची टाकी असते. पंपाच्या आवारात शिरण्यापूर्वी चूल विझलेली असलीच पाहिजे आणि टाकीची कळही बंद असली पाहिजे. हे काम आईने स्वतःकडे घेतले होते, आणि "कळ बंद" असे तिने मोठ्याने म्हटल्यावाचून मामा गाडी आत वळवीत नसत. मोटारगाडी तेल घेते तेव्हा फक्त तिचाच विचार करावयाचा असतो. घर तेल घेते तेव्हा स्वयंपाकघराचाही विचार करावा लागतो.

तिसरी गोष्ट आजीची, आणि खरे पाहता तीच पहिली. आमच्या गाडीत शौचकूप नव्हते. प्रत्येक पंपावर स्वच्छ शौचालय, पिण्याचे पाणी, चाकांसाठी फुकट हवा आणि प्रथमोपचाराची पेटी असावी असा नियम आहे. परंतु एके ठिकाणी शौचालयास कुलूप आणि किल्ली कोठे हे कोणास ठाऊक नाही, असा अनुभव आला. दुसऱ्या ठिकाणी दार होते पण कडी नव्हती. म्हातारे माणूस आणि स्त्रिया बरोबर असता या गोष्टी क्षुल्लक राहत नाहीत. आजी तर सकाळपासून पाणीच पीत नसे. का, म्हणून विचारले तर म्हणे, "तहान नाही." तहान नव्हती असे नव्हे, तिने तिच्यापुरता पंपांचा भरवसा सोडला होता. हे आईच्या ध्यानात आले आणि त्या दिवसापासून आमच्या वहीत एक नवा रकाना पडला: 'आजीसाठी योग्य किंवा अयोग्य'. ज्या पंपावर आई आधी जाऊन पाहून येई आणि मान हलवी, तेथेच आम्ही तेल घेत असू, मग टाकी अर्ध्याहून थोडी अधिक भरलेली असली तरी. दोन दिवसांनी आजी पुन्हा पाणी पिऊ लागली. आमच्या मते या प्रवासातील आमची सर्वांत मोठी मिळकत हीच.

चौथी गोष्ट मापाची. यंत्रावरील आकडा शून्यावर आहे हे पाहूनच तेल घालू द्यावे, हे सर्वांस ठाऊक असते. पण शासनाच्या वैधमापन खात्याने तपासलेले पाच लिटरांचे माप प्रत्येक पंपावर ठेवलेले असते आणि संशय आल्यास त्यात तेल मोजून दाखवा असे म्हणण्याचा ग्राहकास अधिकार असतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. जालन्याच्या अलीकडे एका पंपावर वडिलांनी तशी विनंती केली. तेथील माणसाने किंचितही न रागावता माप काढले, तेल मोजून दाखविले, आणि वर म्हणाला, "साहेब, असं इचारणारं गिऱ्हाईक कमीच येतं." माप बरोबर भरले. विचारणे म्हणजे संशय घेणे नव्हे. प्रामाणिक मनुष्यास विचारणाऱ्याचा त्रास होत नाही, हा धडा आम्ही तेथे शिकलो.

पाचवी गोष्ट दराची. जून २०१७ पासून तेलाचे दर रोज सकाळी ठरविण्याची पद्धत सुरू झाली, आणि गावोगावीही ते सारखे नसतात. आमच्या शेजारचे परभणी शहर महाग पेट्रोलासाठी वर्तमानपत्रांत अनेकदा गाजले आहे. मुंबईच्या शुद्धीकरण कारखान्यातून तेल नळाने मनमाडजवळील पानेवाडीच्या साठ्यापर्यंत येते, आणि तेथून टँकरने परभणीपर्यंत तीनशे किलोमीटरांहून अधिक वाट चालून जाते. वाटखर्च तेलाच्या दरात मिळतो. त्यामुळे आम्ही जसजसे पश्चिमेकडे जाऊ तसतसे तेल स्वस्त होईल, अशी मामांची अटकळ होती. आणि एका गृहस्थाने आडवाटेवरील एक पंप सांगितला, तेथे म्हणे लिटरमागे दोन रुपये कमी. तो पंप हमरस्त्यापासून १२ किलोमीटर आत होता. वडिलांनी आम्हांस हिशेब करावयास लाविले. ३० लिटर घेतले तर बचत ६० रुपयांची. जाऊन येऊन २४ किलोमीटर, म्हणजे ३ लिटर तेल. त्या दिवसांत डिझेल लिटरला ९० रुपयांहून अधिक होते, म्हणजे खर्च २७० रुपयांहून अधिक. साठ रुपये वाचविण्यासाठी पावणेतीनशे रुपये जाळावयाचे! मामांनी गाडी सरळ हाकली. शाळेतील नफातोट्याची उदाहरणे निरुपयोगी असतात असे म्हणणाऱ्या आमच्या वर्गबंधूंनी याची नोंद घ्यावी.

अठ्ठावीस तारखेस संध्याकाळी छत्रपती संभाजीनगरात तेल पुन्हा भरून घेतले. २९ तारखेस अजिंठा पाहिले. तेथे खासगी वाहने फर्दापूरच्या फाट्यावरच ठेवून पुढे बसने जावे लागते. आजीस पायऱ्या चढविणाऱ्या डोलीवाल्यांनी मोठ्या सांभाळाने लेण्यांपर्यंत नेले. ३० रोजी वेरूळचे कैलास लेणे पाहून ती बराच वेळ काहीच बोलली नाही. मग एवढेच म्हणाली, "वरून खाली कोरलं म्हणता? मग कळस आधी झाला म्हणायचा." एकतीस तारखेस दौलताबादचा किल्ला झाला. संध्याकाळी वही पाहिली, तो अजिंठा व वेरूळ मिळून सुमारे २६० किलोमीटर झालेले, टाकी अर्धी. दिवसभराचा शीण, वर्षाची शेवटची संध्याकाळ आणि पंपावर गर्दी. मामा म्हणाले, "उद्या निवांत भरू." वडील एवढेच म्हणाले, "अर्धी झाली आहे." तेव्हा रांगेत पाऊण तास उभे राहून टाकी भरली. पुढे काय होणार याची आम्हांस कसलीही वार्ता नव्हती. दूरदृष्टीचे श्रेय आम्ही घेत नाही. नियम होता, तो पाळला, इतकेच.

१ जानेवारी २०२४ रोजी सकाळी आम्ही जालन्यावरून सिंदखेडराजाकडे निघालो. समृद्धी महामार्ग त्या वेळी नागपूरपासून नाशिक जिल्ह्यातील भरवीरपर्यंत खुला होता आणि त्याने लवकर पोहोचलो असतो. पण त्या मार्गावरून ठरावीक ठिकाणीच खाली उतरता येते, आणि आजीसाठी केव्हा थांबावे लागेल याचा नेम नव्हता. म्हणून जुनाच रस्ता धरला. सिंदखेडराजास जिजाऊंचे जन्मस्थान पाहिले. जेवतेवेळी बातमी कळली: अपघात करून पळून जाणाऱ्या चालकास नव्या भारतीय न्याय संहितेत सांगितलेल्या कडक शिक्षेविरुद्ध देशभरातील ट्रकचालकांनी काम थांबविले आहे आणि टँकरही उभे आहेत. दुपारनंतर रस्त्यावरील प्रत्येक पंपावर रांगा दिसू लागल्या. दुचाकी, ट्रॅक्टर, जीपा, हातात डबे घेतलेली माणसे. दोन तारखेस सकाळी लोणारचे सरोवर पाहून निघालो, तो कित्येक पंपांवर दोर बांधलेला आणि खडूने लिहिलेली पाटी: 'डिझेल संपले'.

वहीप्रमाणे आमच्या टाकीत सुमारे ५० लिटर होते. रिसोड, सेनगाव मार्गे घर सुमारे शंभर किलोमीटर, म्हणजे १३ लिटरांचे काम. एका पंपावर अद्याप तेल होते आणि रांग हलत होती. मामांस वाटले, मिळते आहे तर घेऊन ठेवावे. वडील म्हणाले, "आपण घेतलेले तेल दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचे असेल." तेव्हा रांगेत न शिरता आम्ही पुढे जाऊ लागलो. इतक्यात रांगेतील एका जीपजवळ उभी असलेली एक बाई धावत आली. तिच्या कडेवर वर्षाच्या आतले मूल होते. ते रात्रीपासून तापले होते. जीप पहाटेपासून रांगेत होती आणि तिच्यात रांगेपुरतेही तेल नव्हते. माणसे ती ढकलीत होती. बाईस रिसोडला दवाखान्यात जावयाचे होते. वडिलांनी मामांकडे पाहिले, पण त्यांच्याआधी आजीच उठून बसली आणि आपल्या अंथरुणावर हात आपटून म्हणाली, "ये बाई, इथं टेक त्याला."

रिसोडपर्यंतची ती वाट आमच्या स्मरणातून जाणार नाही. आजीने ओल्या फडक्याने मुलाचे कपाळ पुसले, आईने बाईस चहा दिला, आणि एरवी खड्डे मोजीत चालणारे मामा न बोलता गाडी हाकीत होते. दवाखान्याच्या दारात बाई उतरली. परिचारिकेने मूल हातात घेतले आणि ती दोघे आत गेली. आमची टाकी आदल्या संध्याकाळी रिकामी असती, तर आम्हीही त्या रांगेत जीप ढकलणाऱ्यांच्या मागे उभे असतो आणि त्या बाईकडे हळहळून पाहण्यापलीकडे आमच्या हातून काही झाले नसते. त्याच रात्री शासन आणि वाहतूकदार यांची बोलणी होऊन संप मागे घेण्यात आला आणि पुढील दिवसांत पंप पूर्ववत सुरू झाले. आम्ही सायंकाळी सुखरूप घरी पोहोचलो होतो.

वाचकहो, फिरते घर सर्वांच्या नशिबी असेल असे नाही. पण दुचाकी, ट्रॅक्टर किंवा मोटार घेऊन रस्त्यास लागणारे तर आपणांपैकी पुष्कळच असतील. त्यांच्यासाठी आमच्या वहीतील सार थोडक्यात देतो. अर्धी टाकी झाली की थांबावे. पंपात शिरण्यापूर्वी छप्पर पाहावे आणि चूल बंद करावी. मापाविषयी सौजन्याने विचारावे. स्वस्ताईचा हिशेब वाटेसकट करावा. बरोबरच्या सर्वांत अशक्त माणसास जो थांबा सोयीचा, तोच सर्वांसाठी चांगला थांबा समजावा. तो पाणी प्यावयाचे टाळीत असेल, तर आपली निवड चुकत आहे असे जाणावे. आणि गरज नसता टंचाईच्या रांगेत उभे राहू नये.

आजीने हे सारे एका वाक्यात सांगितले होते. आमचा अनुभव त्यास एवढीच पुस्ती जोडतो. पाणी दिसताच बैल सोडणारा गाडीवान स्वतःपुरते पाहतो, असे आपणांस वाटते. परंतु पुढच्या मैलावर कोणाची गाडी चिखलात रुतली असेल, तर ती ओढून काढण्याचे बळ त्याच्याच बैलांत उरलेले असते.